काशीपुऱ्याचे नीळकंठशास्त्री : अस्थिर काळातील श्रद्धा आणि सेवा
(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे राणी लक्ष्मीबाईंची मूर्ती उभी राहते. राणीचा जन्म काशीचा. विवाहानंतर ती झाशीस आली आणि झाशीचीच झाली. त्याच शतकात एक मराठी मुलगा नेमक्या उलट वाटेने गेला. त्याचा जन्म 8 फेब्रुवारी 1825 रोजी झाशीजवळच्या काशीपुरा या खेड्यात झाला आणि तो वाढला काशीस. राणीच्या वाटेवर पोवाडे रचले गेले. या दुसऱ्या वाटेची आठवण मात्र फारशी कोणी ठेवली नाही. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पुढे ख्रिस्ती जगतात फादर नेहेम्या गोऱ्हे या नावाने ओळखले गेलेले पंडित, हा या व्याख्यानाचा विषय आहे. काळ अस्थिर झाला, पायाखालची जमीन हलू लागली, म्हणजे श्रद्धा कशाच्या आधारावर उभी राहते आणि धर्मसेवा कोणाची करावयाची, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने फार स्पष्टपणे विचारला आहे.

गोऱ्हे घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. पेशवाईच्या विस्ताराबरोबर जी अनेक कोकणस्थ व देशस्थ कुटुंबे बुंदेलखंडात जाऊन स्थायिक झाली, त्यांपैकी ते एक. बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातील बांद्याच्या नवाबांच्या पदरी या घराण्यातील वडीलधाऱ्यांनी नोकरी केली. पुढे कुटुंब काशीस आले. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि अभ्यासाला संस्कृत, अशा तिहेरी वातावरणात नीळकंठाचे व्याकरण व न्यायशास्त्र यांचे अध्ययन झाले. घरची उपासना शिवाची होती. परंतु ग्रंथ वाचता वाचता हा तरुण विष्णुभक्तीकडे वळला. घरात चालत आले म्हणून मानावयाचे, एवढ्यावर त्याचे समाधान होत नसे.

न्यायशास्त्राच्या अभ्यासात पूर्वपक्ष हा शब्द प्रथम शिकविला जातो. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्णपणे, प्रामाणिकपणे आणि त्याच्याच बळाने मांडावयाचे व नंतर त्याला उत्तर द्यावयाचे, ही ती शिस्त. 1839 साली जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहून हिंदू धर्मावर आक्षेप घेतले व ख्रिस्ती मताचे समर्थन केले. काशीतील या तरुण शास्त्र्याने 1844-45 च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. तेव्हा त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. म्हणजे ज्या माणसाला आज ख्रिस्ती धर्माचा प्रचारक म्हणून ओळखले जाते, त्याचा पहिला मोठा ग्रंथ ख्रिस्ती मताच्या खंडनाचा आहे.

काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी होते. त्यांना वादात निरुत्तर करावे, या हेतूने नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊ लागले. वाद करावयाचा तर ग्रंथ वाचलाच पाहिजे, म्हणून त्यांनी बायबल वाचले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले. ज्याचे खंडन करावयाचे तोच विचार मनात घर करू लागला, तेव्हा त्यांच्यापुढे दोन मार्ग होते : पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून मांडावयाचा, किंवा त्याचे बळ मान्य करावयाचे. त्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. 14 मार्च 1848 रोजी, काशीत नव्हे तर जौनपूर येथे, त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नेहेम्या हे नाव त्यांनी घेतले.

या निष्कर्षाशी कोणी सहमत व्हावे, असा येथे आग्रह नाही. षड्दर्शनांवर पुढे त्यांनी केलेली टीका अनेक विद्वानांना अन्यायकारक वाटली आहे, आणि तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की या निर्णयाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. घर तुटले, जात तुटली, काशीच्या पंडितवर्गातील मान गेला. सप्टेंबर 1853 मध्ये कन्या जन्मास आली आणि त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. तान्ही मुलगी एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने सांभाळावयास घेतली. पुढे पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्यासोबत गोऱ्हे इंग्लंडला गेले. ज्या नोव्हेंबर महिन्यात झाशीचे राजे गंगाधरराव वारले व दत्तकाचा प्रश्न उभा राहिला, तो याच 1853 सालचा. संस्थान खालसा होणे आणि एक घर उद्ध्वस्त होणे, या दोन्ही गोष्टी एकाच काळाच्या पोटात घडत होत्या.

यानंतर चार वर्षांनी झाशीच्या छावणीत वणवा पेटला. 5 जून 1857 रोजी छावणीतील बाराव्या बंगाल पायदळाच्या शिपायांनी उठाव केला. 8 जून रोजी जोखनबाग येथे इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका व मुले आणि इतर ख्रिस्ती माणसे मारली गेली. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये सर ह्यू रोझच्या फौजेने शहर घेतले आणि त्याचा सूड निरपराध नगरवासीयांवर उगविला. त्या दिवसांत पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत अडकून पडले होते. कत्तल, लूट, आगी आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा झालेला नाश त्यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात नोंदविला आहे. मराठी वाचकाला झाशीचे दुःख ठाऊक आहे, ते मुख्यतः या भिक्षुकाच्या साध्या लेखणीमुळे.

या वणव्यात हिंदी ख्रिस्ती माणसाची स्थिती सर्वांत विचित्र होती. बंडवाल्यांच्या दृष्टीने तो फिरंग्यांचा माणूस आणि फिरंग्यांच्या दृष्टीने तो काळा माणूस. त्याच्यासाठी कोणताच किल्ला आपला नव्हता. ज्या मळेवाल्या कुटुंबात गोऱ्ह्यांची मुलगी वाढत होती, त्याची मालमत्ताही या धामधुमीत नष्ट झाली. नंतर रेव्हरंड स्टॉर्स यांनी त्या मुलीला आपल्याकडे घेतले व इंग्लंडला नेऊन शिकविले. चार वर्षांच्या त्या मराठी मुलीने ना झाशीचे राज्य पाहिले होते, ना कंपनीचे राजकारण तिला कळत होते. तरी दोन्हींची झळ तिला लागली.

उठावाची ठिणगी मेरठच्या छावणीत 10 मे रोजी, रविवारी, चर्चच्या उपासनेच्या सुमारास पडली होती. त्यानंतर हिंदुस्थानातील छावण्यांत गोऱ्या सैनिकांनी बंदुकीसह चर्चमध्ये जावे, अशी पद्धत पडली. कित्येक जुन्या छावणी-चर्चमधील बाकांना बंदुका टेकवून ठेवण्यासाठी मुद्दाम खाचा केलेल्या आजही आढळतात. प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी भरलेली बंदूक, हे त्या काळाचे फार बोलके चित्र आहे. भयभीत माणसाला तसे करावेसे वाटले, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या उपासनेला पहारा लागतो, ती पहाऱ्याबाहेरच्या माणसाशी काय बोलणार?

झाशी शहर 1886 साली शिंदे सरकारकडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आले. छावणी वाढली, रेल्वेचे जाळे पसरले, कारखाना उभा राहिला आणि सैनिक व रेल्वे नोकरांबरोबर त्यांची चर्चेही आली. ही झाली धर्मसेवेची एक परंपरा : आपल्या माणसांची काळजी घेणारी, गस्तीच्या आत चालणारी. ती तुच्छ लेखण्याचे कारण नाही. परमुलखात मरणाऱ्या सैनिकालाही सांत्वन हवेच असते.

गोऱ्ह्यांची सेवा मात्र पहाऱ्याबाहेर चालली. 1860 साली, म्हणजे बंडाची राख अजून गरम असताना, त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकार जिंकले होते. जित्यांना दरडावून सांगणे सोपे होते. गोऱ्ह्यांनी त्याऐवजी सांख्य, न्याय, मीमांसा, वेदान्त यांच्याशी त्यांच्याच परिभाषेत वाद मांडला. वाद करणे म्हणजे समोरच्याला बरोबरीचा मानणे. तलवारीच्या बळावर मिळालेल्या शांततेत हे बरोबरीचे नाते जपणारी माणसे दोन्ही बाजूंना थोडी होती.

1870 साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. सेंट जॉनच्या संघाशी, म्हणजे कौली फादर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त मंडळाशी, 1876 साली त्यांचा संबंध जडला. याच मंडळाचे पुण्यातील केंद्र म्हणजे पंचहौद मिशन. 1890 साली तेथील चहापानावरून टिळक-रानडे यांच्यावर ग्रामण्य झाले, ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. एका पेल्याने जेथे शहर ढवळून निघत असे, तेथे हे शास्त्री साधेपणाने राहून वाद, लेखन आणि पत्रव्यवहार करीत. शंका मात्र त्यांना आयुष्यभर सोडून गेल्या नाहीत, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपविलेले नाही. इतरांच्या मताचा पूर्वपक्ष मांडणाऱ्या माणसाने स्वतःच्या श्रद्धेचा पूर्वपक्षही मिटविला नाही. ते शंकेसह प्रार्थना करीत राहिले आणि शंकेसह सेवा करीत राहिले.

या शंकाशील माणसाचाच आधार एका दुसऱ्या शंकाशील व्यक्तीला झाला. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना ख्रिस्ती धर्माचा विचार करीत होत्या. परंतु मिशनऱ्यांच्या उपदेशाने त्यांचे समाधान होत नव्हते. आपल्यासारखेच संस्कृत शास्त्र शिकलेल्या, आपल्याच भाषेत वाढलेल्या गोऱ्ह्यांच्या लेखनाचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात कृतज्ञतेने नमूद केला आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुली-स्त्रियांना त्यांनी सोबत आणले. केडगावचे मुक्ती सदन त्यांच्या निवाऱ्याचे स्थान झाले. चरकाच्या वादापेक्षा भाकरीचा प्रश्न त्यांना जवळचा वाटला. काशीतल्या एका ग्रंथवादातून निघालेला ओघ अशा रीतीने उपाशी मुलीच्या ताटापर्यंत पोहोचला.

आणि ती पोरकी झालेली मुलगी? एलन लक्ष्मी गोऱ्हे 1880 साली स्वेच्छेने हिंदुस्थानात परत आल्या. इंग्लंडमध्ये त्यांना सुस्थितीत राहता आले असते. त्यांनी अमृतसर, अलाहाबाद येथे स्त्रियांमध्ये काम केले, अनाथालय सांभाळले. त्यांनी इंग्रजीत रचलेली भक्तिगीते अनेक देशांतील उपासनांत गाइली गेली. दोनदा घर हरवलेल्या मुलीने घर नसलेल्या मुलींसाठी आयुष्य वेचले, याहून निराळी अशी धर्मसेवेची व्याख्या कोणती करावी?

आजच्या झाशीत छावणी व सिव्हिल लाइन्सच्या परिसरात संत यहूदाचे तीर्थस्थान आहे. झाशीचे कॅथलिक धर्मक्षेत्र 1940 साली स्वतंत्र झाले आणि 1954 साली त्याला बिशपचे पद मिळाले; पहिले बिशप फ्रान्सिस झेविअर फेनेक यांच्या काळात ही भक्ती तेथे रुजली. ज्यांच्या आशा संपल्या आहेत, त्यांचा कैवारी म्हणून हा संत ओळखला जातो. दर वर्षी 28 ऑक्टोबरच्या उत्सवाला मोठा मेळा भरतो आणि त्यात ख्रिस्ती नसलेली माणसेही मोठ्या संख्येने येतात. नवस बोलणाऱ्याला तेथे कोणी धर्म विचारीत नाही. ज्या गावात एकेकाळी धर्म विचारून माणसे मारली गेली, त्या गावाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. नीळकंठशास्त्र्यांचे निधन 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईस झाले. उत्सवाची गर्दी ओसरते त्या दिवशी त्यांची पुण्यतिथी येते.

बायबलमधील नेहेम्या हा जेरुसलेमचा पडलेला तट पुन्हा बांधणारा पुरुष. झाशीचा तट तोफांनी पाडला, तो दगडांनी पुन्हा उभारता येईल. माणसामाणसांतला विश्वास पडला, तर तो बांधावयास दुसरे साहित्य लागते. प्रतिपक्षाचे ऐकून घेण्याची शिस्त, स्वतःच्या शंकेशी प्रामाणिकपणा आणि पहाऱ्याबाहेर जाण्याची तयारी, हे ते साहित्य होय.

साठ वर्षे मराठीतून शिकविणाऱ्या या शाळेत वादस्पर्धा होत आल्या आहेत आणि पुढेही होतील. प्रतिपक्षाच्या मुलाचे म्हणणे आधी नीट मांडून दाखवावे आणि मगच त्याला उत्तर द्यावे, एवढा एक नियम या हीरक महोत्सवी वर्षापासून त्या स्पर्धांत पाळला गेला, तर काशीपुऱ्यात जन्मलेल्या त्या शास्त्र्याचे स्मरण येथे यथायोग्य होईल. काळ पुन्हा अस्थिर होईल तेव्हा त्या मुलांच्या हाती निदान बंदुकीखेरीज काही तरी असेल.