उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैना देखील बारा वर्षांनीं फिटते, अशी एक म्हण मराठींत प्रसिद्ध आहे. हताश माणसास धीर देण्यासाठीं ती उपयोगी पडत असेल. परंतु शेतीच्या दृष्टीनें ती उकिरड्यावर अन्याय करणारी आहे. नीट रचलेल्या कचऱ्याचें खत तीन-चार महिन्यांत होतें. वर्षें लागतात तीं कचऱ्याकडे पाहण्याची माणसाची दृष्टि पालटण्यास.

जुन्या खेड्यांत घरामागें किंवा वेशीबाहेर उकिरडा असे. शेण, गोठ्यांतील उष्टा चारा, चुलींतील राख आणि अंगणांतील केर तेथें पडे व पावसाळ्यापूर्वीं गाड्या भरून शेतांत जाई. मातींतून निघालेलें मातींत परत जावें, हें शहाणपण त्या रीतींत होतें. उणीव होती ती निगेची. उघड्या ढिगांतील सत्त्व कांहीं उन्हानें उडून जाई, कांहीं पावसानें वाहून जाई. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीचीं अंडीं व तणाचें बीं शेतांत जाई तें निराळेंच.

ही उणीव दूर करण्याचा शास्त्रीय प्रयत्न आपल्या देशांतच झाला. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून व ते ठराविक दिवसांनीं पालटून सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धति बसविली. यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह त्यांनीं १९३१ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनीं विटांचें, भिंतींना भोंकें ठेवलेलें टांकें सुचविलें. त्यांच्याच नांवावरून त्यास ‘नाडेप’ म्हणतात. भोंकांवाटे हवा खेळत असल्यानें त्यांतील ढीग पालटावा लागत नाहीं. सुमारें १०० किलो शेणाबरोबर १,४०० किलो काडीकचरा त्यांत मुरतो. म्हणजे ज्याच्या दारीं एकच गाय आहे, त्यासहि खताचें टांकें भरतां येतें.

या साऱ्यामागील तत्त्व साधें आहे. कचरा कुजविणारे सूक्ष्म जीव हे जिवंत प्राणी आहेत. त्यांना अन्न, पाणी आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. भाजीचे देंठ, शेण असा ओला भाग आणि वाळलेला पाला, तूस असा कोरडा भाग यांचा मेळ घालावा लागतो. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका असावा. ढिगास घाण येऊं लागली, तर आंत हवा कमी व पाणी जास्त झालें असें समजावें आणि कोरडा पाला मिसळावा. चांगल्या ढिगाच्या पोटांत हात ठेववणार नाहीं इतकी ऊब येते. त्या उबेनेंच तणाचें बीं व रोगजंतु मरतात. पावसाळ्यांत वर छप्पर हवें. काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारें खत तयार झालें असें जाणावें.

मात्र आजच्या खेड्याचा कचरा पूर्वीचा राहिलेला नाहीं. पूर्वीं घरांतून निघे तें बहुतेक सारें कुजणारें असे. आतां प्लॅस्टिकच्या पिशव्या, कांच, विजेरींतील सेल आणि औषधांचीं वेष्टणें त्याच केरांत पडतात. हें एकदां मिसळलें, कीं निवडणाऱ्याचे हात कापतात आणि खतहि बिघडतें. म्हणून खरें काम खड्ड्यापाशीं नसून उंबरठ्यापाशीं आहे. घरांत दोन डबे ठेवणें, ही त्याची सुरुवात. २०० घरांच्या गांवांत घरटीं अर्धा किलो ओला कचरा निघाला, तरी दिवसाचा १०० किलो आणि वर्षाचा साडेछत्तीस टन होतो. कुजून त्याचा तिसरा हिस्सा उरला, तरी बारा टन खत गांवास घरबसल्या मिळतें.

येथेंच सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो शास्त्राचा नाहीं. घरोघरचा कचरा उचलावयाचा कोणीं? शतकानुशतकें गांवानें घाण काढण्याचें काम ठराविक जातींवर लादलें आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरविलें. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं सफाईचें काम आपणांस मिळावें अशी मागणी केली. ती नाकारली गेली, तेव्हां त्यांनीं उपोषणाचा मार्ग धरला. येरवड्यास बंदिवासांत असलेल्या गांधीजींनींहि त्यांच्यासाठीं उपवास आरंभिला. गाडगे महाराज गांवांत येत ते हातीं खराटा घेऊन. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्रीं कीर्तन करीत. १९५६ सालीं ते निवर्तले. २००० सालीं राज्यांत सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेंच नांव दिलें गेलें. परंतु नांव देणें सोपें, खराटा धरणें कठीण.

ज्या गांवास हें काम टिकवावयाचें असेल, त्यानें तें ग्रामसभेंत ठरवावें. गाडी कोणत्या वेळीं फिरेल, घरटीं वर्गणी किती, न निवडलेला केर परत करावयाचा कीं नाहीं, हें सर्वांसमक्ष ठरावें. कचरा उचलणारास नियमित वेतन, हातमोजे आणि गणवेश मिळावा. तें काम जातीवरून कोणाच्या वांट्यास येऊं नये, आणि खड्डा भरण्याच्या दिवशीं प्रत्येक घरचा एक माणूस पाळीनें तेथें असावा. खत तयार झालें, कीं पहिली पाटी प्रत्येक घराच्या परसबागेंत जावी व उरलेलें विकून गाडीचा खर्च भागवावा. आपण दिलेल्या सालींचें खत आपल्याच वांग्यांच्या रोपांना घालतांना जी गृहिणी पाहील, तिला डबे निराळे ठेवण्याचा उपदेश पुन्हां करावा लागणार नाहीं.

उकिरड्याची दैना तीन महिन्यांत फिटते, हें शास्त्रानें दाखविलें आहे. तो उपसणाराची दैना किती वर्षांत फिटावी, हें मात्र गांवानेंच ठरवावयाचें आहे.