तिकीट कितीला पडलं?



जून सरला की सुरतेतल्या बमरोली, पांडेसरा, उधना या भागांतल्या मराठी घरांमधून एक प्रश्न हटकून ऐकू येतो. "तिकीट कितीला पडलं?" बाप खानदेशातून येऊन लूमच्या खात्यात उभा राहिला, पोरगं इंजिनिअर होऊन एमएस करायला अमेरिकेला निघालं. तिकडे कॉलेज ऑगस्टात सुरू होतं, इकडे व्हिसा हातात पडेपर्यंत जुलै उजाडतो. मग शेजारच्या दोन घरांत तिकिटं ताडून बघितली जातात. विमान तेच, खुर्च्या मागच्यापुढच्या, आणि भावात हजारोंचा फरक! ज्याला महाग पडलं तो एजंटच्या नावाने बोटं मोडतो.

त्यात एजंटचा हात थोडाच असतो. साध्या वर्गाच्या खुर्च्या कंपनीने आधीच निरनिराळ्या भावांत वाटून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक भावाला एकेक इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. स्वस्त अक्षर संपलं की पुढचा माणूस आपोआप वरच्या भावात जातो. शिवाय तिकिटाचा हिशेब नीट उघडून बघा. मूळ भाडं, कर आणि मध्येच 'वायक्यू' नावाची एक ओळ. तेल महागलं म्हणून आकारलेला हा अधिभार. तेल उतरलं तर तोही उतरेल, असं मात्र कुणी लिहून दिलेलं नाही. मूळ भाडं कमी दाखवून जाहिरात करायची आणि वसुली या ओळीत करायची, ही जुनी खोड आहे. म्हणून शेवटचा आकडा तेवढा खरा धरावा.

पण हा भाव मुळात वर राहतो की खाली, ते त्या वाटेवर कोण कुणाशी भांडतंय यावर ठरतं. मैलांचा त्यात वाटा फार कमी.

याचा जुना दाखला अटलांटिकवरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो समुद्र ओलांडायचं भाडं कंपन्या एकत्र बसूनच ठरवत. 'आयाटा' ही त्यांची संघटना. भाडं सगळ्यांचं सारखं, मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर? तर खाण्यावर. 1958 मध्ये स्वस्त वर्गात सँडविच किती भरगच्च असावं यावरून या मातब्बर कंपन्यांची जुंपली होती. पॅन ॲमने स्कँडिनेव्हियन कंपनीची रीतसर तक्रार केली. भाड्यावर मात्र कुणी भांडत नव्हतं.

ती घडी मोडली फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज माणसाने. त्याने 1971 मध्ये स्वस्त विमानसेवेची परवानगी मागितली आणि तिच्यासाठी स्वतःच्याच सरकारला कोर्टात खेचलं. अखेर 26 सप्टेंबर 1977 ला त्याचं 'स्कायट्रेन' लंडनहून न्यूयॉर्कला उडालं. एका बाजूचं भाडं 59 पौंड. आरक्षण नाही, त्याच दिवशी रांगेत उभं राहून तिकीट घ्यायचं, जेवणाचे पैसे वेगळे. लोक पथारी टाकून रांगेत झोपत. मोठ्या कंपन्यांना मुकाट्याने भाव पाडावे लागले. 5 फेब्रुवारी 1982 ला लेकरची कंपनी बुडाली. मोठ्यांनी संगनमत करून आपल्याला बुडवलं असा दावा तिच्या वतीने अमेरिकेत लावला गेला, आणि 1985 मध्ये त्या कंपन्यांनी पैसे मोजून तो मिटवला. निर्दोष माणूस इतक्या सहजी खिशात हात घालत नाही, असं आपलं माझं मत.

आपल्या मुंबईच्या जेट एअरवेजनेही हा समुद्र ओलांडला होता, हे आता कितीजणांना आठवतं? 2007 पासून ब्रसेल्स हे तिचं जंक्शन. भारतातून आलेली तिची विमानं सकाळी तिथे एकत्र जमत, प्रवाशांची अदलाबदल होई आणि तीच विमानं पुढे न्यूयॉर्क, नेवार्क, टोरांटोकडे जात. भुसावळला गाड्यांचे डबे जोडत-तोडत ना, तसलाच प्रकार. 2016 मध्ये ते जंक्शन ॲमस्टरडॅमला हललं आणि 17 एप्रिल 2019 ला जेटच बंद पडली. एक भांडणारा कमी झाला.

आज स्क्रीनवर दहा नावं दिसतात, पण ती मोजून हुरळून जाऊ नका. युरोप-अमेरिका वाटेवर लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा यांचं एक घर. ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन यांचं दुसरं. डेल्टा, एअर फ्रान्स, केएलएम, व्हर्जिन यांचं तिसरं. सरकारी परवानगीने एकत्र भाव ठरवणारी, कमाई वाटून घेणारी ही तीन घरं. पाट्या अनेक, गल्ले तीनच. त्यांच्या तोंडाला फेस आणतात त्या एमिरेट्स, कतार, एतिहाद या आखाती कंपन्या. 2015 मध्ये अमेरिकन कंपन्यांनी ओरड केली, की यांना त्यांच्या सरकारांनी 42 अब्ज डॉलर्सची मदत केली. असेलही. आपल्याला मात्र मुंबईहून त्यांच्यामुळेच भावाला जागा मिळते. अबुधाबीवरून गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणीही तिथेच उरकते.

मग या कंपन्या आणखी विमानं का आणत नाहीत? कारण कुठल्या शहरात उतरायचं, आठवड्याला किती खुर्च्या आणायच्या, हे दोन देशांच्या करारात बांधलेलं असतं. दुबई कित्येक वर्षं जास्त जागा मागते आहे आणि दिल्लीने हात आखडता घेतला आहे. आपल्या कंपन्या तगाव्यात म्हणून, हे कारण मला समजतं. त्याची किंमत कोण भरतो, हेही बमरोलीत दिसतं.

आता सुरतेच्या माणसाच्या दोन मोहांबद्दल. पहिला मोह लंडनपर्यंत एक तिकीट आणि पुढचं वेगळं काढायचा. लंडनहून नव्याने अमेरिकेला निघणाऱ्यावर ब्रिटन साध्या वर्गातही नव्वद-शंभर पौंडांच्या घरात कर लावतं. एकाच तिकिटावर विमान बदलून त्याच दिवशी पुढे जाणाऱ्याला तो लागत नाही. दुसरा मोह घरच्या विमानतळाचा. सुरतेहून शारजाला गेलात, तरी अमेरिकेची विमानं सुटतात दुबईहून, तो विमानतळ वेगळा. सामान आपणच उचलायचं, विमान चुकलं तर पुढचं तिकीट आपल्याच पैशाने.

त्यापेक्षा मुंबई आणि अहमदाबाद, दोन्हीकडचे भाव एकाच दिवशी काढून बघा. त्यात रेल्वे, टॅक्सी आणि सोडायला येणाऱ्यांचा खर्च मिळवा. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन बोरिवलीला उतरायचं आहे, गाडी तिथे फार थांबत नाही. आणि जुलैअखेरची तारीख पोराच्या डोक्यात पक्की असेल, तर ती चार दिवस अलीकडे सरकते का, हे आधी कॉलेजला विचारून घ्या.