लढाई न्याय्य कधी म्हणायची?

(महाल, नागपूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसे मारली गेली. बायकांच्या डोळ्यांदेखत त्यांचे नवरे मारले. ७ मे रोजी भारताने लष्करी कारवाई केली, तिला ‘सिंदूर’ नाव दिले. त्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. एक ताई म्हणाल्या, “हा आपल्या कुंकवाचा बदला आहे, गटाने अभिनंदनाचा ठराव करावा.” दुसरीचा भाऊ फौजेत. ती म्हणाली, “ठराव तुम्ही करान बाई, रातभर फोनची वाट माही माय पाह्यते.” दोघी पुढे बरेच दिवस बोलल्या नाहीत. ठराव बारगळला. समाजकार्याची पदवी घेतलेली मी मात्र गप्प बसले. लढाई योग्य केव्हा, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते आज तुमच्यासोबत शोधायचे आहे.

लांब कशाला जायचे? हा महालच पाहा. १७३९ मध्ये इथला गोंड राजा चांद सुलतान वारला. वलीशहाने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवरने वऱ्हाडातल्या रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजी आले, वलीशहाला हटवले, राणीच्या मुलांना गादी मिळाली. इथपर्यंत कोणीही म्हणेल, लढाई न्यायाची होती. पण १७४३ मध्ये भावाभावांत भांडण लागले, रघूजी पुन्हा आले आणि राज्यच त्यांच्या हाती गेले. एक भाऊ परागंदा झाला, दुसरा नावापुरता राजा उरला. कारण न्याय्य असले तरी लढणारा कुठे थांबतो, हे बघावे लागते, ते यासाठी.

इथलेच सैन्य १७४२ पासून बंगालवर जात राहिले. चौथाईसाठी. आपण शाळेत शिकलो ते पराक्रम म्हणून. बंगालमध्ये मात्र ‘बर्गी’, म्हणजे आपले बारगीर, हे नाव आयांनी लेकरांना भीती घालायला वापरले. त्याच काळातल्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीने जळालेली गावे आणि बायांवरचे अत्याचार लिहून ठेवले आहेत. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली, तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. त्या बायांनी कोणाचे काय घेतले होते? आपल्या माणसांनी केले म्हणून अन्याय न्याय होत नाही. हे बोलणे मला जड जाते, कारण मी इथलीच आहे.

मग प्रत्येक लढाई वाईटच का? नाही. १९७१ आठवा. पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल केली, असंख्य बायांवर बलात्कार झाले, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. महिनोन्महिने जगाची दारे ठोठावून झाली. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला, उघड युद्ध सुरू झाले. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि पुढच्या काही महिन्यांत आपले सैन्य परतले. राज्य त्यांचे त्यांना मिळाले. ती लढाई मी न्याय्य मानते. तरीही ज्या बायांना ‘बीरांगना’ म्हणून गौरवले, त्यांतल्या कित्येकींना घरच्यांनी दार उघडले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायला २०१५ साल उजाडले.

यातून मला काही प्रश्न सापडले. अन्याय खरोखर एवढा मोठा आहे का? बोलणी, दबाव, कायदा हे सगळे करून झाले का? निःशस्त्र माणसांना हात लागणार नाही, याची जबाबदारी कोण घेते? कुठे थांबायचे हे आधी ठरले आहे का? आणि नंतर बायांचे काय? या प्रश्नांची उत्तरे सरकारला, मग ते कोणाचेही असो, मागायची. मागणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

पहलगाममध्ये मारले ते खुनीच. त्यांना शासन झाले पाहिजे, नागरिकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्यच आहे. पण आमच्या कुंकवाच्या नावाने लढू नका, एवढे मी म्हणेन. त्या हल्ल्यात नवरा गमावलेली एक तरुणी म्हणाली, मुसलमानांचा, काश्मिरींचा द्वेष करू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा. तिलाच समाजमाध्यमांवर घाणेरड्या शिव्या दिल्या गेल्या. म्हणजे विधवेचे दुःख चालते, तिचे मत चालत नाही!

आणि आपणही स्वतःला विचारू या. जिला आपण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावत नाही, तिच्या कुंकवाच्या बदल्याचा ठराव कोणत्या तोंडाने करायचा? त्या दोघी मैत्रिणी आज इथे शेजारी बसल्या आहेत. पुढच्या बैठकीत ठराव आणायचाच असेल तर पहिला हा आणू या: आपल्या वस्तीतल्या प्रत्येक विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचे. लढाईबद्दल बोलायचा आपला अधिकार तिथून सुरू होईल.