वेदनेची रोजकीर्द

ज्या व्याधीला आपल्याकडे नागीण म्हणतात, तिच्या फोडांच्या खपल्या गळून पडल्या की रोगी बरा झाला असे घरची माणसे समजतात. परंतु उजव्या कुशीवरची माझी त्वचा पूर्ववत झाली तरी तिच्याखालची आग विझली नाही, आणि आज चौथ्या वर्षी आपल्याशी बोलत असतानाही ती थोडीबहुत आहेच. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांस मिळाले की मनुष्य दगावतो, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे, कारण हा विकार एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पसरतो आणि बहुधा शरीराच्या एकाच बाजूस राहतो. त्या भीतीपोटी लेप लावण्यात मात्र आमचे पाच दिवस गेले, आणि विषाणूवरचे औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करावयाचे असते, ती मुदत टळली.

बालपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जागाठींत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि उतारवयात नागिणीच्या रूपाने पुन्हा जागा होतो, हे प्रतिपादन इंग्लंडातील सायरन्सेस्टर या लहानशा गावचे डॉक्टर होप-सिम्पसन यांनी 1965 साली केले, तेही आपल्याच दवाखान्यातील रोग्यांच्या सोळा वर्षांच्या नोंदींच्या आधारे. कचेरीत कारकुनी करण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

ही वेदना दिसत नाही, हे तिचे मोठे दुःख. मऊ मलमलीचा सदरासुद्धा कुशीला लागला की निखारा ठेवल्यासारखे होई, म्हणून मी तासन् तास सदऱ्याचा काठ दोन बोटांत धरून अंगापासून दूर ठेवी. आणि भर वैशाखात पंख्याचा वारा सोसत नसे, म्हणून सारे घर माझ्यापायी घामात निजे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी गॅबापेन्टिन आणि रात्री अल्प मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन दिले. पहिले फेफऱ्याचे, दुसरे मनाच्या खिन्नतेचे औषध, असे कळताच मी कष्टी झालो, पण अकारण पेटलेल्या मज्जातंतूंना शांत करण्याचा गुण दोहोंत आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. मात्रा हळूहळू वाढवावयाची आणि उतरवावयाचीही हळूहळूच; मनाला आले म्हणून एकाएकी बंद करावयाची नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

गफलत झाली ती पूरक गोळ्यांत. एका वैद्याने नसांच्या ताकदीच्या म्हणून दिलेल्या, दुसऱ्या एका जाणकाराने सुचवलेल्या आणि भाच्याने परदेशातून मोठ्या मायेने पाठवलेल्या, अशा तीन तऱ्हांच्या गोळ्या मी निष्ठेने घेत होतो. जीवनसत्त्वच ते, त्याने काय अपाय होणार? वर्षभराने दोन्ही पायांच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या आणि चप्पल पायातून निसटली तरी कळेनासे झाले. आमच्या औषधाच्या दुकानातील तरुणाने तिन्ही पाकिटे काउंटरवर ओळीने मांडली, प्रत्येकावरील बारीक अक्षरांतला ब-6चा आकडा पेन्सिलीने कागदावर उतरवला आणि बेरीज केली. दिवसाला दोन मिलिग्रॅमच्या आसपास ज्याची गरज, ते माझ्या पोटात सव्वादोनशे मिलिग्रॅम जात होते. आणि हे जीवनसत्त्व दीर्घकाळ अतिरिक्त घेतले असता मज्जातंतूंनाच इजा करते. गोळ्या बंद केल्यावरही काही आठवडे मुंग्या वाढल्या, मग कित्येक महिन्यांनी ओसरल्या. ब-12 मात्र रक्त तपासून, कमी आढळले म्हणून, डॉक्टरांच्या हुकुमाने आजही चालू आहे.

तेव्हापासून मी रोजकीर्द ठेवतो. तारीख, औषध, मात्रा, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात वेदनेला शून्य ते दहांपैकी आकडा. पित्तशामक औषध गॅबापेन्टिनबरोबर घेतले तर ते अंगी कमी लागते, म्हणून दोहोंत दोन तासांचे अंतर, हाही शेरा तीत आहे. आणि आल्यागेल्याने दिलेले चूर्णसुद्धा तीत नोंदल्यावाचून माझ्या तोंडात जात नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पुढच्या खेपेस दवाखान्यात जाल तेव्हा फडताळातली, उशाखालची, देवघराच्या कोनाड्यातली सारी पाकिटे, बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत भरून न्या, आणि ती पिशवी डॉक्टरांच्या मेजावर रिकामी करा.