मुलाखतीत गावाचं नाव निघालं तर

(सीमाभागातील तरुणांसाठी ग्वाल्हेरहून ऑनलाइन केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी ग्वाल्हेरहून बोलतोय. इथं मराठी माणूस शिंद्यांच्या फौजेबरोबर आला. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली आणि त्या छावणीचंच शहर झालं. त्या भागाला आजही लष्कर म्हणतात. दरबार होता तोवर मराठी माणसाला शिलेदारी होती, कारकुनी होती. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. मग नोकरीसाठी सगळ्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं, तेही हिंदीत.

लोकांनी काय केलं? घरी मराठी ठेवली आणि बाहेर चोख हिंदी शिकले. ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे हिंदी, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत लिहायचे. पुढे साहित्य अकादमीचे सचिव झाले. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी झाले, आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले. एकाच घरातली ही दोन माणसं. दुसरी भाषा आली म्हणून पहिली गेली नाही.

तुमचा प्रश्न वेगळा आहे, हे मला ठाऊक आहे. आमचे पूर्वज इथं चालत आले. तुम्ही जागचे हलला नाहीत, 1956 साली राज्य बदललं. तो अन्याय मी लहान करत नाही. पण मी बरीच वर्षं नोकरभरतीच्या मुलाखती घेतल्या आहेत, आणि टेबलाच्या त्या बाजूनं जे दिसतं ते तुम्हाला सांगायला आलोय.

पहिली गोष्ट अर्जाची. जाहिरातीतली वयाची आणि पगाराची ओळ सगळे वाचतात. तुम्ही भाषेची आणि रहिवासाची अट आधी वाचा. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतले मराठी भाषिक उमेदवार अर्ज करू शकतात. त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, आजच कामाला लागा. आरक्षणाचे नियम मात्र राज्याराज्यात वेगळे असतात. आपली जात तिथल्या यादीत आहे का आणि बाहेरच्या रहिवाशाला सवलत आहे का, हे अर्ज भरण्याआधी बघा.

सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत अर्ज एकाच राज्यासाठी करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. मराठी माध्यमातून शिकून कन्नडही लिहिता-वाचता येणाऱ्या पोराला दोन राज्यांपैकी एक निवडता येतं. कुठं जागा जास्त आहेत, मागच्या वेळी गुण कितीवर थांबले होते, हे बघून ठरवा. केंद्रीय सशस्त्र दलांच्या कॉन्स्टेबल भरतीची लेखी परीक्षा 2024 पासून मराठी, कोकणी आणि कन्नडमधूनही होते. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली तर मुलाखतही मराठीत देता येते. हे माहीत नाही म्हणून कितीतरी पोरं अर्जच भरत नाहीत.

आणि कागदपत्रं. आडनाव एका दाखल्यावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर, असं आपल्याकडे फार होतं. ते आधी एकसारखं करून घ्या. दाखला कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित भाषांतर तयार ठेवा. अर्जात गावाचं आणि जिल्ह्याचं नाव कागदावर जसं आहे तसंच लिहा. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, हा लढा मोर्चात लढा. अर्जात लढलात तर पडताळणीत अडकाल.

दुसरी गोष्ट, बायोडाटा. 'भाषा : मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी' ही एक ओळ कुणाच्या लक्षात राहत नाही. बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का, हे प्रत्येक भाषेपुढं लिहा. जेवढं येतं तेवढंच लिहा, कारण समोरचा एखादा चटकन कन्नडमध्ये प्रश्न टाकतो. मग त्या भाषेनं केलेलं काम सांगा. 'मी मेहनती आहे' हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. त्याऐवजी कुणी म्हणालं, 'आमच्या किराणा दुकानात निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी. तीन वर्षं उधारीची वही मीच सांभाळतो,' तर मी मान वर करून बघतो. यात भाषा आली, हिशोब आला, विश्वास आला. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर असंच एखादं काम दीड-दोन मिनिटांत सांगा आणि थांबा.

इंग्रजी अडखळलं तर घाबरू नका. 'हिंदीत सांगितलं तर चालेल का?' असं सरळ विचारा. विचारणं ही कमजोरी नाही. पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

आता तिसरी गोष्ट, ज्यासाठी मी मुख्यतः बोलतोय. तुमचा पत्ता वाचला की कुणीतरी विचारणारच : 'तुमच्याकडे तो सीमावाद आहे ना? तुमचं मत काय?' इथं आपली पोरं दोन प्रकारे घसरतात. कुणी म्हणतं, 'सर, मला राजकारणात रस नाही.' ते खोटं आहे हे समोरच्याला कळतं. कुणी मोर्चातलं भाषण सुरू करतं. दोन्ही वेळा गुण जातात.

उत्तराच्या तीन पायऱ्या ठेवा. आधी घटना : 1956 ची राज्यपुनर्रचना, 1966 मध्ये नेमलेला महाजन आयोग, 1967 चा त्याचा अहवाल, तो महाराष्ट्रानं नाकारला, 2004 मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मग कर्नाटकाची बाजू एका वाक्यात, प्रामाणिकपणे : आयोगानं बेळगाव आमच्याकडेच ठेवायला सांगितलं, असं ते म्हणतात. शेवटी तुमचं मत, लपवाछपवी न करता : 'मी मराठी भाषिक आहे, आमची मागणी मला न्याय्य वाटते, निर्णय न्यायालय करेल. या खुर्चीत बसलो तर समोर आलेल्या प्रत्येक माणसाचं काम नियमानं करीन, तो कुठल्याही भाषेत बोलो.' एवढं बोलायला दीड मिनिट पुरतं. आरशासमोर नको, मित्राला समोर बसवून दहा वेळा म्हणा. आवाज चढत नाही तोवर सराव झाला असं समजा.

मुलाखत घेणाऱ्याला तुमचं मत तपासायचं नसतं. दुखरी नस दाबल्यावर हा माणूस भान ठेवतो का, एवढंच त्याला बघायचं असतं. उद्या काउंटरवर, तहसील कचेरीत, पोलीस ठाण्यात हीच नस रोज दाबली जाणार आहे.

शेवटी कन्नडबद्दल. 'कन्नड शिकलो तर आपली बाजू कमजोर होते' असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. सक्ती झाली तर तिच्याविरुद्ध जरूर लढा. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय, तो वापरा. पण शेजाऱ्याची भाषा स्वतःहून शिकलेला माणूस सरकारी पत्र स्वतः वाचतो, त्याला कुणी फसवत नाही, आणि नोकरीला दोन राज्यांत उभा राहू शकतो. घरात पगार येणाऱ्या कार्यकर्त्याला चळवळ जास्त वर्षं चालवता येते, हेही विसरू नका.

या आठवड्यात तीन कामं करा. 865 गावांच्या यादीत आपलं गाव बघा, सगळ्या दाखल्यांवरची नावं जुळवा आणि सीमाप्रश्नावरचं दीड मिनिटाचं उत्तर लिहून काढा. प्रश्न असतील तर आता विचारा. जय महाराष्ट्र!