पावसाळा आणि शाळेचा कीबोर्ड
(शिक्षक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विलेपार्ल्याचा रहिवासी. आमच्या पश्चिमेस जुहूचा समुद्र आहे, आणि शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे पेटीवादक ज्या गावात वाढले, तेथे पावसाळ्यात वाद्य सांभाळणे ही घरोघरची चिंता असते. आपल्या शाळांची स्थिती याहून फारशी निराळी नसावी.

पेटी दमट झाली की ती स्वतःच सांगते. लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर हिरवट थर धरतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मात्र काहीच सांगत नाही. वरचे प्लॅस्टिक जसेच्या तसे राहते आणि आतले काम निकामी होत जाते.

त्याच्या प्रत्येक पट्टीखाली रबराची एक लहान टोपी असते. पट्टीच्या दाबाप्रमाणे सूर लहानमोठा करणाऱ्या वाद्यांत त्या टोपीच्या आत कार्बनचे दोन काळे ठिपके असतात. ते खालच्या छापील पाटीवर एकामागून एक टेकतात आणि त्यांतील अंतराच्या वेळेवरून यंत्र सुराचा जोर ठरविते. धूळ आणि दमटपणा मिळून तेथे पातळ थर बसला की एखादा ठिपका टेकूनही जुळत नाही. मग सूर मुका होतो किंवा एकदम मोठ्याने उमटतो. हे मला ठाऊक नव्हते तेव्हा एका मुलीला “हळू वाजव” म्हणून मी दोनदा दटावले होते. ती बिचारी हळूच वाजवीत होती.

समुद्रकाठच्या शाळांस आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे मीठ. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण पाणी ओढून ओला होतो. अशा थराखाली धातूचे सांधे लवकर गंजतात.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. मे महिन्यात वाद्य प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मी लोखंडी कपाटात कुलूपबंद केले. ऑगस्टमध्ये उघडले, तो आत कोंडलेल्या दमटपणाने सांधे काळवंडलेले, आणि विसरलेल्या बॅटऱ्या पाझरलेल्या! सुट्टीपूर्वी बॅटऱ्या काढाव्यात, हे तेव्हापासून मी कपाटाच्या दारावरच लिहून ठेवले आहे. साध्या अल्कलाईन बॅटऱ्यांचा पांढरा थर दिसल्यास तो हातास लागू न देता व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावा, मग ओलसर फडक्याने पुसून कोरडा करावा.

मुका सूर पुष्कळदा शाळेतच दुरुस्त होतो. प्लग आणि बॅटऱ्या काढून मागचे स्क्रू सोडवावेत. ते निरनिराळ्या लांबीचे असतात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने छायाचित्र घ्यावे. रबरी पट्टी उचलून छापील पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजविलेल्या मऊ फडक्याने हलकेच पुसावी. घासल्यास कार्बनच निघून जातो. रबर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन दिवसभर सुकवावे. रॉकेल, खोबरेल वा पॉलिश पेपर यांची येथे गरज नाही, आणि अपाय मात्र निश्चित. ज्याची विजेची तार थेट भिंतीच्या प्लगात जाते, मध्ये अॅडॅप्टर नसतो, ते यंत्र आपण उघडू नये. जाणत्या कारागिराकडेच न्यावे.

छप्पर गळून वाद्य भिजले, तर “चालते का पाहू” म्हणून बटण दाबण्याचा मोह आवरावा, कारण खरे नुकसान त्या क्षणी होते. वीज तोडावी, वाद्य उलटे धरून पाणी निथळू द्यावे आणि पंख्याखाली चारपाच दिवस ठेवावे. कडक उन्हात प्लॅस्टिक वाकते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय पुष्कळांनी ऐकला असेल, परंतु त्याची पूड सांध्यांत शिरते.

शाळा चालू असता वाद्य भिंतीपासून हातभर दूर, टेबलावर, सुती कापडाखाली ठेवावे आणि रोज मुलांच्या हाती द्यावे. दीर्घ सुट्टीत कोरडे वाद्य बंद पेटीत ठेवून सोबत सिलिका जेलची पिशवी घालावी. रंगीत दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. तवा मात्र स्वयंपाकाचा नसावा.