चांद्रयानाच्या मागावर

तामसीसारख्या गावात बसून चांद्रमोहीम टिपायची असेल तर वही, पेन्सिल आणि मोबाइल पुरे.

चांद्रयान-3 चंही असंच टिपण करता येतं. 14 जुलै 2023, दुपारी 2.35. सुमारे 640 टनांचं एलव्हीएम-3 रॉकेट यान घेऊन श्रीहरिकोट्याहून उडालं. त्याच्या बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात घडले होते. मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा!

अपोलोचे अंतराळवीर तीन-चार दिवसांत चंद्राशी पोहोचले. आपल्याला उतरेपर्यंत चाळीस दिवस लागले. रॉकेटची ताकद मर्यादित होती. म्हणून यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन पेटवायचं, वेग वाढवायचा आणि कक्षा लांबवत न्यायची. 1 ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लागलं, 5 ऑगस्टला त्याच्या कक्षेत शिरलं. अशा प्रत्येक टप्प्याची लंबवर्तुळं वहीत काढून बघा. आकड्यांपेक्षा लवकर समजतं.

उतरण्याच्या दिवशी, 23 ऑगस्टला, श्रावण शुद्ध सप्तमी होती. चंद्राचा उजळ भाग वाढत होता आणि उतरण्याच्या जागी नुकताच सूर्य उगवलेला, म्हणजे सौरपट्ट्यांना पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांचं ऊन मिळणार. संध्याकाळी पडद्यावर उंचीचा आकडा झरझर उतरत होता. दीडशे मीटरवर यानाचा विक्रम लँडर थबकला, खालची जमीन तपासली आणि 6.04 ला टेकला.

पुढच्या मोहिमेच्या वेळी तारखेशेजारी तिथीही लिहा. चंद्राची कोणती बाजू उजळली आहे, ते अंगणातूनच पडताळता येईल.